लिहिलेलं एक, वाजवलेलं वेगळं : पियानोवरच्या भाष्याची गोष्ट

(बेलापूर, ता. श्रीरामपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



‘बेलापूरला पियानोवर बोलायला जातोय’ असं सांगितलं की समोरचा लगेच विचारायचा, ‘नव्या मुंबईतलं ना?’ म्हटलं, नाही, प्रवरेकाठचं. यावर समोरचा जरा गप्प व्हायचा. त्याची शंका मला कळते. ऊस, साखर कारखाना, दौंड-मनमाड रेल्वे, या मुलखात पियानोचं काय काम? आपल्याकडे तर नावांचाही घोळ आहे. गाडीतून उतरल्यावर पाटीवर ‘बेलापूर’ आणि स्टेशनाबाहेर पडलं की श्रीरामपूर! तर आजच्या विषयाचंही थोडं तसंच आहे. पाटीवर पियानो आहे, पण बाहेर पडल्यावर आपण आपल्याच गावात असणार आहोत.

प्रश्न साधा आहे. एखादी गोष्ट पूर्ण लिहून ठेवलेली आहे. त्यातला शब्द बदलायचा नाही, स्वर बदलायचा नाही. मग ती पुन्हा सादर करणाऱ्याचं स्वतःचं असं त्यात काय उरतं?

ख्याल गाणाऱ्याला हा प्रश्न इतका टोचत नाही. बंदिश चार ओळींची. बढत, आलाप, ताना हे सगळं गायकाने तिथल्या तिथे उभं करायचं असतं. पण युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातलं पियानोसंगीत, ज्याला रोमँटिक संगीत म्हणतात, ते कागदावर स्वरन् स्वर लिहिलेलं असतं. कुठे हळू, कुठे जोरात, कुठे थबकायचं, तेही लिहिलेलं. शोपां, शूमान, लिस्ट, ब्राम्स ही त्यातली मोठी नावं. आज अठरा-वीस वर्षांची मुलगी शोपांचं एखादं नॉक्टर्न वाजवायला बसते, तेव्हा तिच्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं हजारो लोकांनी तेच, त्याच स्वरांत वाजवलेलं असतं. मग आपण तिचं का ऐकायचं? आणि तिने वेगळं वाजवलं तर तो अर्थ झाला की आगाऊपणा?

न गाणारं वाद्य

आधी वाद्याकडे बघू. पियानो इ.स. 1700च्या सुमारास इटलीत, फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने घडवला. पट्टी दाबली की आत एक हातोडी उडते आणि तारेवर आपटते. आपटली की तिचं काम संपलं. स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरायला लागतो. गायकासारखा तो फुगवता येत नाही, सारंगीसारखी मींड घेता येत नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती नाहीतच. म्हणजे गाणं म्हणून आपण जे ओळखतो, त्यातलं निम्मं या वाद्याला जमत नाही.

एकोणिसाव्या शतकात वाद्य सुधारत गेलं. 1821 साली पॅरिसच्या एरार कंपनीने अशी यंत्रणा काढली, की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येईल. पुढे लोखंडी सांगाडा आला, तारा जास्त ताणता आल्या, आवाज मोठा झाला. मोठ्या सभागृहात एकट्याने पियानो वाजवून श्रोत्यांना धरून ठेवणं शक्य झालं. लिस्टने 1840 साली लंडनमध्ये असे एकट्याचे कार्यक्रम केले आणि त्यांना ‘रिसायटल’ हे नाव तेव्हा पडलं. पण विरणारा स्वर विरणाराच राहिला.

या अडचणीवर सगळ्यात खोल उत्तर दिलं ते फ्रेडरिक शोपांने. जन्म 1810, पोलंडचा. विसाव्या वर्षी वॉर्सा सोडलं, ते परत मायदेशी पाऊल टाकलंच नाही. पॅरिसला राहिला, शिकवण्या करून पोट भरलं आणि 1849 साली, चाळिशीही न गाठता गेला. मोठ्या सभागृहांत तो रमायचा नाही, जाहीर कार्यक्रम आयुष्यभरात मोजकेच केले. पण त्याच्या शिष्यांनी नंतर जे लिहून ठेवलं, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तो विद्यार्थ्यांना सांगायचा, गाणं ऐका. इटालियन ऑपेराचे मोठे गायक ऐका, जमलं तर स्वतः गायला शिका, मग पियानोवर बसा.

बघा हं, बोटांच्या वाद्याचा हा गुरू विद्यार्थ्याला गळ्याकडे पाठवतोय. कारण श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे संपतं, कुठला स्वर नुसता वाटेवरचा आणि कुठल्या स्वरावर मुक्काम करायचा, हे पट्टी सांगत नाही. ते गळाच सांगतो.

डावा हात

आता मुद्द्याचं. रोमँटिक पियानोवादनात ‘रुबातो’ नावाची गोष्ट आहे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ चोरलेला. वेळ चोरायचा, एका स्वरावर किंचित रेंगाळायचं, पुढे थोडं पटकन जायचं. आपल्याकडे ठुमरी गाणारी बाई शब्द जरा मागे ठेवून म्हणते आणि समेवर बरोबर येते, तसंच काहीसं. तरुण वादकाला हे फार आवडतं. आपलं वेगळेपण दाखवायची हीच जागा, असं त्याला वाटतं. मग तो सगळंच ओढायला लागतो. लय लोंबकळते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय भावना आहे! नाही हो. तो नुसता चिखल आहे.

शोपांचे शिष्य सांगतात की गुरुजींचा डावा हात लय धरून असायचा आणि उजवा हात तिच्यावर मोकळा फिरायचा. लिस्टने याला झाडाची उपमा दिली होती, असं त्याचा एक विद्यार्थी लिहितो. वाऱ्याने पानं हलतात, खोड जागेवर असतं. कार्ल मिकुली हा शोपांचा शिष्य तर असं सांगतो, की त्यांच्या पियानोवर मेट्रोनोम कायम ठेवलेला असायचा. मेट्रोनोम म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिकणारं यंत्र. ज्याच्या नावाने जग लय ओढतं, तो माणूस समोर लयीचं यंत्र ठेवून शिकवत होता.

त्याचं एक प्रसिद्ध नॉक्टर्न आहे. ओपस 9, दुसरा क्रमांक, 1832 साली छापलेलं. म्हणजे लिहिणारा बावीसच्या आतबाहेरचा पोरगा. डावा हात सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत एकच ठेका धरतो. खाली एक स्वर, वर दोन, पुन्हा खाली एक, वर दोन. त्यावर उजव्या हाताची चाल येते, आणि ती जितक्यांदा परत येते तितक्यांदा नव्या हरकती घेऊन येते. मुखडा तोच, सजावट वेगळी. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

याच नॉक्टर्नची गंमत पुढे आहे. वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या छापील प्रतींवर शोपांने पेन्सिलने वेगवेगळ्या हरकती लिहून दिल्या. एकीला एक, दुसऱ्याला दुसरी. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ बरहुकूम’ म्हणतो, ते खुद्द लिहिणाऱ्याच्या हयातीतच एकाहून जास्त होतं. मिकुलीचा शिष्य राऊल कोचाल्स्की याने 1938 साली हे नॉक्टर्न अशा हरकतींसकट ध्वनिमुद्रित केलं. ते आज घरबसल्या ऐकता येतं. गुरू, शिष्य, प्रशिष्य. याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको.

एक किस्सा सांगतो आणि पुढे जातो. शोपांच्या माझुर्का म्हणजे पोलंडच्या खेड्यातल्या नाचावरच्या रचना, तीन मात्रांच्या. एकदा त्याचा एक विद्यार्थी त्यातली एक वाजवत असताना मायरबेअर हा त्या काळचा नामांकित ऑपेराकार आला आणि म्हणाला, हे तर दोन मात्रांचं आहे. शोपां म्हणाला, तीन. हा म्हणे दोन. शोपां सहसा आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी भडकला. शार्ल हाले या वादकालाही असाच संशय आला होता. त्याने मोजून दाखवलं की तुम्ही पहिली मात्रा इतकी लांबवता की चार होतात. तेव्हा शोपां हसला आणि म्हणाला, हा त्या नाचाचा स्वभावच आहे. म्हणजे कागदावर तीन, कानाला चार आणि वाजवणाऱ्याच्या मनात त्याचं गाव. कागद खोटा नव्हता, कानही खोटा नव्हता. मात्रांच्या मध्ये जे होतं, ते लिहिता येण्यासारखं नव्हतं.

पॅरिसहून आलेली पेटी

आता आपल्याकडे येऊ. शोपां पॅरिसमध्ये राहत होता त्याच वर्षांत, 1840च्या सुमारास, त्याच शहरात अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियम तयार केली. आपली पेटी! शोपांच्या शेजारपाजारात जन्मलेलं वाद्य आहे ते. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबाबरोबर ती पायपेटी हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875च्या आसपास तिला हाताचा भाता बसवला, आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या मांडीशी ती येऊन बसली.

पियानो मात्र मुंबईतच राहिला. पारशी घरं, गोव्याहून आलेली ख्रिस्ती घरं, साहेबी क्लब. महागडं, जड, पावसाळ्यात बिघडणारं वाद्य. मराठी घराने पट्ट्या स्वीकारल्या, पण पेटीच्या.

नगर जिल्ह्याला या गोष्टीत एक खास जागा आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 साली आलं. प्रार्थनेत इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी पदं गायली जात. चाल परक्या भाषेच्या आघातावर बांधलेली, शब्द मराठी. मग ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ, दीर्घाच्या जागी ऱ्हस्व. शब्द बरोबर, सूर बरोबर, आणि तरी ऐकताना परकं. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. नगरला राहिले, इथे शेजारी राहुरीला राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये राहुरीचे दिवस आपण वाचलेले आहेत. टिळकांनी भजन आणि अभंग यांच्या वळणाने गीतं लिहिली. श्रद्धा नवी, पण चालण्याची ढब तुकोबांच्या वाटेवरची. मायरबेअरला जे ऐकू आलं नाही, ते टिळकांना ऐकू आलं होतं. मात्रा मोजून भागत नाही, त्या मात्रांच्या मागे कुणाची बोली आहे ते धरावं लागतं.

दुसरं नाव गोविंदराव टेंबे यांचं. जन्म 1881. ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, 1911 सालच्या. गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. ‘अयोध्येचा राजा’मधले हरिश्चंद्र. पण त्याआधी ते पेटीवादक होते. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याचा त्यांच्यावर खोल ठसा होता. पेटीला मींड नाही. पट्ट्या ठरलेल्या, स्वर ठरलेले. मग गायकी त्यात उतरवायची कशी? कणस्वर लावून, भात्याने श्वास घेऊन, कुठला स्वर सोडायचा हे गायकाकडून शिकून. शोपांने विद्यार्थ्यांना ऑपेराकडे पाठवलं, इथे टेंबे बुवांच्या गाण्याकडे गेले. एकाला दुसऱ्याच्या वाटेची गरज नव्हती. अडचण तीच होती, म्हणून वाटही तीच निघाली.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण हेच, की ठोकळेबाज स्वरांचं वाद्य आहे, आपल्या संगीताला शोभत नाही. तीन दशकं पेटी रेडिओच्या दाराबाहेर बसली. बंदी घालणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, पट्टी खरोखरच वाकत नाही. पण वाकत नाही ती पट्टी. वाजवणाऱ्याचं मनही वाकत नाही, असं त्यांनी धरलं, तिथे चूक झाली.

वॉर्सा, 1980

आता मूळ प्रश्नाचा सगळ्यात गाजलेला खटला. वॉर्सामध्ये दर पाच वर्षांनी शोपांच्या नावाने पियानोची स्पर्धा भरते, 1927 पासून. तरुण वादकांची ही पंढरी. 1980 साली तिथे बेलग्रेडचा ईवो पोगोरेलिच आला, वय 21. लिहिलेल्या खुणांना त्याने फारसं जुमानलं नाही. हळू लिहिलंय तिथे आणखी हळू, नाजूक लिहिलंय तिथे धारदार. काही परीक्षकांनी भरभरून गुण दिले, काहींनी जवळजवळ काहीच नाही. त्याला पुढच्या फेरीत नेलं म्हणून लुई केंटनर या परीक्षकाने राजीनामा दिला. पुढे तिसऱ्या फेरीनंतर त्याला वगळलं, तेव्हा मार्ता आर्गेरिच या विख्यात वादिकेने राजीनामा दिला. ती स्वतः 1965 सालची विजेती. मुलगा अलौकिक प्रतिभेचा आहे, असं म्हणून ती उठली. एकाच मुलामुळे दोन राजीनामे, एक तो आत आला म्हणून, एक तो बाहेर गेला म्हणून!

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. बंडखोर विरुद्ध म्हातारे परीक्षक. पण दोन गोष्टी सुटतात.

पहिली, पोगोरेलिच आकाशातून पडला नव्हता. मॉस्कोत अलिझा केझेराद्झे यांच्याकडे तो कसून शिकला होता, आणि त्यांची परंपरा लिस्टचा शिष्य सिलोती याच्यामार्फत लिस्टपर्यंत जाते. म्हणजे बंडखोरालाही घराणं होतं.

दुसरी, त्या वर्षी जिंकलं कोण? दांग थाई सोन, व्हिएतनामचा, 22 वर्षांचा. ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. दोघंही 1958 साली जन्मलेले, दोघंही मॉस्कोत शिकलेले. दांग थाई सोनची आई हनोईच्या संगीत विद्यालयात पियानो शिकवायची. युद्धात बॉम्बहल्ले सुरू झाले, तसं विद्यालय खेड्यात हललं. पियानोही गेला, रेड्यांच्या गाडीवरून. मुलगा तिथे शिकला. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाबरोबर माझुर्कांसाठीचं खास पारितोषिकही त्यालाच मिळालं. म्हणजे ज्या नाचाची मात्रा मायरबेअरला सापडली नाही, ती सापडली भातशेतांतून आलेल्या एका पोराला. पोलंडचं खेडं त्याने लहानपणी पाहिलेलं नव्हतं. पण परागंदा होणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे तो मोठा शिक्षक झाला. 2021 सालचा विजेता ब्रूस लिऊ हा त्याचाच विद्यार्थी.

मग वैयक्तिक अर्थ कुणाचा, पोगोरेलिचचा की दांग थाई सोनचा? मला वाटतं दोघांचाही. एकाने कागदाशी भांडून मिळवला, एकाने कागदात शिरून. कागदाकडे न बघता मात्र कुणीच मिळवला नाही.

प्रवरेचं उत्तर

शेवटाकडे येतो. आपल्या गावावरून वाहणारी प्रवरा खाली नेवाशाला जाते. तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, एका अगदी तरुण माणसाने सातशे श्लोकांचा एक ग्रंथ समोर ठेवला. त्यातला शब्द बदलण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्यावर त्याने नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या. आधीच्या भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहे, असं तो नम्रपणे सांगतो. गीता तीच आहे, श्लोकांचा क्रम तोच आहे, आणि तरी ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांची आहे. तिच्यातला शेतकरी, तिच्यातली आई, तिच्यातलं पाणी मूळ श्लोकांत शोधून सापडणार नाही.

युरोपीय लोक ज्याला ‘इंटरप्रिटेशन’ म्हणतात, त्याला आपल्याकडे ‘भाष्य’ हा फार जुना शब्द आहे. भाष्यकाराचा डावा हात श्लोक धरून असतो आणि उजवा हात ओवी म्हणतो. म्हणून पियानोवर शोपां वाजवणाऱ्या आपल्या मुलांना मला हे परकं वाटू द्यायचं नाही. स्वतःचं वेगळेपण आधी ठरवून त्यात शोपांला बसवू नका. त्याची ओळ आधी गाऊन बघा, आपल्या आवाजात, लाजू नका. ती गाताना तुम्ही जिथे श्वास घ्याल, तिथे तुमचं भाष्य सुरू होतं. बाकीचं बोटांचं काम आहे, ते रियाजाने होतं.

(व्याख्यानानंतर एका मुलीने विचारलं : मी चर्चमध्ये रविवारी कीबोर्ड वाजवते. घरी पियानो नाही. यातलं काही कीबोर्डवर होईल का?)

खरं सांगतो, सगळं नाही होणार. साध्या कीबोर्डला 61 पट्ट्या असतात, पियानोला 88. स्वस्त कीबोर्डवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज सारखाच येतो. शोपांचं निम्मं जग त्या दाबण्यात आहे, ते तिथे मिळणार नाही. कधीतरी खरा पियानो शोधावा लागेल, त्यासाठी मुंबई-पुण्याला जावंही लागेल. पण डाव्या हाताची लय आजपासून पक्की करता येते. ओळ गाता येते. कोचाल्स्की ऐकता येतो. आणि रविवारी टिळकांचं एखादं भजन वाजवशील ना, तेव्हा शब्द म्हणत म्हणत वाजव. कुठला शब्द कुठे टेकतो ते बघ. तुझा शोपां तिथूनच सुरू होईल.